श्रवणाचा अनुशेष

विदर्भाच्या अनुशेषाची परिभाषा आपल्या बोलण्यात आता इतकी रुळली आहे की, तिच्याविना वऱ्हाडातील एकही व्याख्यान पुरे होत नाही. राज्य शासनाने १९८३ मध्ये प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली आणि त्या समितीने १९८४ च्या आपल्या अहवालात सिंचन, रस्ते, ग्रामीण विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशा एकेका क्षेत्रातील मागासलेपणाची मोजदाद केली. ही मोजदाद झाली म्हणूनच पुढील मागण्यांना आकड्यांचा आधार मिळाला. परंतु कोणत्याही समितीने ज्यासाठी रकाना आखला नाही, असाही एक अनुशेष आहे. तो श्रवणाचा. जगातील एक थोर संगीतपरंपरा अमरावती-अकोल्याच्या माणसाने प्रत्यक्ष, समोर बसून, ध्वनिवर्धकाच्या मध्यस्थीवाचून ऐकावी, याची कोणतीही नियमित सोय आपण केलेली नाही. सोय नाही म्हणून मागणी नाही आणि मागणी नाही म्हणून सोय नाही, असे हे चक्र आहे.

‘ऑर्केस्ट्रा’ हा शब्द वऱ्हाडाला अपरिचित आहे असे मात्र नव्हे. गणेशोत्सवाच्या वा शारदोत्सवाच्या मांडवात रात्री नऊनंतर जो चित्रपटगीतांचा कार्यक्रम रंगतो, त्याला आपण ऑर्केस्ट्रा म्हणतो. एक निवेदक, दोन-तीन गायक, एक कीबोर्ड, एक ऑक्टोपॅड आणि मांडवाच्या दोन्ही अंगांना उभे केलेले ध्वनिवर्धक, एवढ्यावर तो उभा राहतो. त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. हजारो माणसांना त्याने निर्मळ आनंद दिला आहे. तथापि ज्या वस्तूचे हे नाव मुळात आहे ती वस्तू निराळी. साठ, सत्तर, प्रसंगी शंभर वादक, एक संचालक आणि विजेच्या साहाय्यावाचून सभागृह भरून टाकणारा नाद, हे तिचे स्वरूप. महाराष्ट्रात तो नियमितपणे ऐकू येतो तो मुंबईत नरिमन पॉइंटच्या ‘एनसीपीए’मध्ये. तेथे खुश्रू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालीएव्ह यांनी २००६ मध्ये ‘सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’ उभा केला. देशातील हा पहिला व्यावसायिक सिंफनी वाद्यवृंद. २०१९ मध्ये तो इंग्लंडातील अनेक नगरांत वाजवून आला. नरिमन पॉइंटपासून अमरावती रेल्वेने सुमारे साडेसहाशे किलोमीटर, म्हणजे एका रात्रीच्या प्रवासाच्या अंतरावर आहे.

एका सायंकाळची आखणी

अशा मैफलीची आखणी जगभर बहुधा एकाच धाटणीची असते. पूर्वार्धात एखादा कॉन्चेर्तो, म्हणजे एक एकल वादक आणि त्याच्यासमवेत सारा वाद्यवृंद. मध्यंतरानंतर उत्तरार्धात सिंफनी, म्हणजे केवळ वाद्यवृंद. एकोणिसाव्या शतकातील, ज्याला स्वच्छंदतावादी म्हणतात त्या कालखंडातील व्हायोलिन कॉन्चेर्तो आणि त्याला जोडून एक मोठी सिंफनी, ही जोडी श्रोत्यांना विशेष प्रिय आहे. उदाहरणादाखल पूर्वार्धात चायकोव्हस्कीचा व्हायोलिन कॉन्चेर्तो आणि उत्तरार्धात द्वोर्झाकची ‘नव्या जगातून’ या नावाने ओळखली जाणारी नववी सिंफनी, असा कार्यक्रम घेऊ.

चायकोव्हस्कीने आपला कॉन्चेर्तो १८७८ च्या वसंतात स्वित्झर्लंडमधील क्लारां या गावी लिहिला. लेओपोल्ड आउअर या नामवंत वादकाकडे तो गेला, परंतु त्याने तो वाजविण्याचे टाळले. अखेर ४ डिसेंबर १८८१ रोजी व्हिएन्ना येथे अडोल्फ ब्रॉडस्की या तरुण वादकाने हान्स रिश्टरच्या संचालनाखाली तो प्रथम लोकांसमोर वाजविला आणि एडुआर्ट हान्सलिक या तेथील मातब्बर समीक्षकाने त्याच्यावर अत्यंत जहरी टीका केली. आज ती टीका या कॉन्चेर्तोमुळेच लोकांच्या स्मरणात उरली आहे. त्याचे पहिले अंग दीर्घ व दिमाखदार आहे. दुसऱ्या अंगात व्हायोलिनच्या घोडीवर नाद दबविणारा चिमटा बसवून स्वर मंद व आर्त केलेला असतो. तिसरे अंग दुसऱ्यातूनच एकाएकी उसळते आणि रशियन खेड्यातील नाचाचा ताल घेते. त्यातील एका ठिकाणी खालच्या स्वरांचा अखंड आधार मागे धरला जातो. तंबोऱ्याला सरावलेल्या कानाला तेथे घरी आल्यासारखे वाटावे.

द्वोर्झाक हा बोहेमियातील एका खेड्यातील खाटकाचा व खानावळवाल्याचा मुलगा. तारुण्यातील कित्येक वर्षे त्याने प्राग येथील नाट्यगृहाच्या वाद्यवृंदात व्हायोला वाजविण्यात घालविली. पुढे अमेरिकेतील राष्ट्रीय संगीत विद्यालयाचा संचालक म्हणून तो न्यूयॉर्कला गेला आणि तेथे लिहिलेली ही सिंफनी १६ डिसेंबर १८९३ रोजी कार्नेगी हॉलमध्ये सादर झाली. अमेरिकेने युरोपची नक्कल न करता आपल्या काळ्या व आदिम रहिवाशांच्या गाण्यांतून स्वतःचे संगीत घडवावे, असे त्याने तेथील संगीतकारांना बजावले होते. तिच्या दुसऱ्या अंगात ‘इंग्लिश हॉर्न’ या सनईच्या कुळातील वाद्यावर जी संथ सुरावट येते, तिचे आरंभीचे स्वर आपल्या भूपाच्या स्वरांत बसतात. वऱ्हाडातील श्रोत्याला ती परकी वाटण्याचे कारण नाही.

परके कोण आणि आपले कोण?

तरीही हे परक्यांचे संगीत आहे, त्याच्याशी वऱ्हाडचे नाते काय, असा प्रश्न विचारला जातो. नाते आहे आणि ते आपल्याच काळ्या जमिनीतून गेलेले आहे.

१८५३ च्या तहाने निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले. वऱ्हाडच्या कापसावरील डोळा हे त्यामागील एक कारण होते. १८५७ मध्ये मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांनी अमेरिकेखेरीज अन्य देशांतून कापूस कसा मिळेल हे पाहण्यासाठी ‘कॉटन सप्लाय असोसिएशन’ स्थापन केली. त्याच वर्षी त्याच नगरात एक भव्य कलाप्रदर्शन भरले आणि त्यात संगीताची व्यवस्था करण्याचे काम चार्ल्स हॅले या जर्मन पियानोवादकाकडे आले. १८४८ च्या क्रांतीनंतर पॅरिस सोडून तो इंग्लंडात आला होता. प्रदर्शनासाठी जमविलेला वाद्यवृंद प्रदर्शन संपले म्हणून मोडू नये असे त्याला वाटले आणि ३० जानेवारी १८५८ रोजी त्याने मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये आपल्या मैफलींचा पहिला हंगाम सुरू केला. श्रमिकांना परवडतील अशी कमी दराची तिकिटे ठेवण्याचा आग्रह त्याने आरंभापासून धरला. तो वाद्यवृंद हॅलेच्याच नावाने आजही वाजतो आहे.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथील कापूस बंद झाला. लँकेशायरच्या गिरण्या थंडावल्या, लक्षावधी मजुरांवर उपासमार ओढवली आणि वऱ्हाडात कापसाला न भूतो असा भाव आला. युद्ध संपताच तो भाव कोसळला. तरीही व्यापाराचा मार्ग पक्का झाला होता. केवळ कापसाच्या सोयीसाठी जलंबहून खामगावला लोहमार्गाचा फाटा काढण्यात आला आणि १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्याच्या उद्घाटनास जातीने आले. मँचेस्टरच्या ज्या संपत्तीवर हॅलेचा वाद्यवृंद उभा राहिला, ती कापसाची संपत्ती होती. तिच्या विणीत खामगाव, अकोला, अमरावतीच्या बाजारांतून गेलेले धागेही होते.

याहून नवलाची गोष्ट पुढेच आहे. चायकोव्हस्कीचा कॉन्चेर्तो प्रथम वाजविणारा ब्रॉडस्की १८९५ मध्ये हॅलेच्या बोलावण्यावरून मँचेस्टरला आला आणि त्याच वर्षी हॅलेचे निधन झाल्यावर तेथील संगीत महाविद्यालयाचा प्राचार्य झाला. त्या पहिल्या प्रयोगाचा संचालक रिश्टर हा १८९९ पासून १९११ पर्यंत हॅलेच्या वाद्यवृंदाचा प्रमुख संचालक होता. म्हणजे व्हिएन्नात हेटाळल्या गेलेल्या त्या कृतीचे दोन्ही आद्य प्रवर्तक कापसाच्या नगरीत स्थिरावले. आणि ज्या मेहली मेहतांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला, ते झुबीन मेहतांचे वडील १९५० च्या दशकात जॉन बार्बिरॉलीच्या हाताखाली याच हॅले वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवीत होते. कापूस मुंबई बंदरातून मँचेस्टरला गेला आणि त्याच्यामागून मुंबईचा व्हायोलिनवादकही गेला. कापसाचे कापड होऊन ते वऱ्हाडच्या बाजारात परत आले. संगीत मात्र मुंबईपर्यंत येऊन थांबले.

शिवाय वऱ्हाडचा कान वाटतो तितका कोरा नाही. आकाशवाणीच्या प्रातःकालीन प्रक्षेपणापूर्वीची, तंबोऱ्याच्या नादावर व्हायोलिनने वाजणारी ओळखीची सुरावट बांधली ती वॉल्टर कौफमान या, १९३४ मध्ये मुंबईस आलेल्या ज्यू संगीतकाराने. १९६१ च्या ‘छाया’ चित्रपटातील तलत महमूद व लता मंगेशकर यांचे गाजलेले युगुलगीत सलील चौधरींनी मोत्सार्टच्या चाळिसाव्या सिंफनीच्या आरंभावरून बेतले होते. विविध भारतीवर ते ऐकणाऱ्या परतवाड्याच्या वा मूर्तिजापूरच्या श्रोत्याने मोत्सार्टला नकळत आपलेसे केले होते. मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत व्हायोलिनच्या ज्या रांगा बसत, त्यांत बहुसंख्य गोमंतकीय वादक असत. त्यांच्यातीलच अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये राग आणि वाद्यवृंद यांचा मेळ घालण्याचा धाडसी प्रयोग मुंबईत केला होता. स्वतः व्हायोलिनचे उदाहरणही बोलके आहे. पश्चिमेकडून आलेले हे वाद्य गजाननराव जोशी, श्रीधर पार्सेकर, व्ही. जी. जोग, दा. के. दातार यांच्या हातात असे रुळले की, त्याला परके म्हणण्याचे धाडस आज कोणी करणार नाही.

एक आणि अनेक

कॉन्चेर्तो आणि सिंफनी यांच्या जोडीत आपल्याला शिकण्यासारखे जे आहे, ते केवळ नादमाधुर्यापुरते नाही. आपले रागसंगीत हे प्राधान्याने एका कलावंताच्या मनाचे संगीत आहे. साथीदार असतात, पण ते अनुगामी असतात. स्वर एकामागून एक उमलतात आणि त्यांना उमलविणारा एकच असतो. त्या मार्गाने आपण जी उंची गाठली तिला जगात तोड नाही. सिंफनीचा मार्ग निराळा आहे. तेथे एकाच क्षणी अनेक भिन्न स्वर निघतात, प्रत्येकाची वाट वेगळी असते आणि तरीही त्यांतून एक अर्थ सिद्ध होतो. एकल व्यक्तित्वावर पोसलेल्या श्रोत्याला या मार्गावर आणण्यास कॉन्चेर्तोसारखा दुवा नाही. त्यात एक नायक असतो, त्याचा समूहाशी संवाद असतो, कधी झगडाही असतो. मध्यंतरानंतर तो नायक निघून जातो आणि समूहाला स्वतःच्या बळावर उभे राहावे लागते.

द्वोर्झाकच्या नवव्या सिंफनीत झांजेचा आघात एकदाच, चौथ्या अंगात आहे, आणि तोही हलका. ट्यूबा हे अजस्र वाद्य दुसऱ्या अंगातील मोजक्या मात्रांपुरतेच वाजते. तो वादक बाकीचा सारा वेळ, जवळजवळ चाळीस मिनिटे, मात्रा मोजीत स्तब्ध बसून असतो. पहिल्या ओळीतील व्हायोलिनवादकाला क्षणाची उसंत नाही आणि याला वाजविण्यास जवळपास काही नाही. परंतु याचा स्वर चुकला तर सर्वांचा चुकतो. व्यासपीठावर आपल्याला पहिल्या रांगेतच खुर्ची हवी, या आग्रहापायी ज्या समाजातील संस्था फुटतात, त्या समाजाने हे दृश्य एकवार डोळे भरून पाहावे.

आणि समूहाच्या संगीताची ही शिस्त वऱ्हाडाला सर्वस्वी नवी आहे, असेही नाही. ज्या १९३५ साली मेहली मेहतांनी मुंबईत वाद्यवृंद उभारला, त्याच साली राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी मोझरीला गुरुकुंज आश्रमाची स्थापना केली. महाराजांच्या खंजिरीने आणि सामुदायिक प्रार्थनेने खेड्यापाड्यांतील हजारो माणसांना एका लयीत बसण्याचे, एका वेळी थांबण्याचे आणि दुसऱ्याचा स्वर ऐकून आपला स्वर लावण्याचे शिक्षण दिले. त्या शिक्षणाचे आणि सिंफनीचे तंत्र वेगळे असले, तरी दोन्हींचे मूळ एका जागी आहे. मोझरीच्या माणसाला सिंफनी कळणार नाही असे जे म्हणतात, त्यांना मोझरीही कळलेली नाही आणि सिंफनीही.

आक्षेप आणि उत्तर

येथे एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. ज्या जिल्ह्यांत कापूस पिकविणारा शेतकरी कर्जापायी जीव देतो, तेथे व्हायोलिनच्या मैफली भरविण्याची भाषा निष्ठुर नाही काय? याला उत्तर देताना कोणतीही बढाई मारता कामा नये. संगीताने कर्ज फिटत नाही, कापसाला भाव येत नाही आणि गेलेला माणूस परत येत नाही. सिंचनाच्या पैशातून एक रुपयाही मैफलीकडे वळवावा, अशी मागणी कोणी करू नये आणि आमचीही नाही. परंतु सांस्कृतिक कार्यासाठी म्हणून जो पैसा शासन वेगळा काढतेच, त्याच्या वाटपाचा प्रश्न स्वतंत्र आहे. तो महोत्सवांच्या रोषणाईवर व पाहुण्यांच्या मानधनावर खर्च होतो तेव्हा शेतकऱ्याची आठवण कोणाला होत नाही. गंभीर संगीताचा विषय निघताच ती होते, हे चमत्कारिक आहे. लँकेशायरच्या गिरण्या बंद पडून मजूर अन्नछत्रांपुढे उभे होते, त्या वर्षांतूनही हॅलेचा वाद्यवृंद तगून निघाला. दुःखात असलेल्या प्रदेशाने उत्तम वस्तूंवरील आपला हक्क सोडून द्यावा, हा नियम मँचेस्टरने स्वतःला लावला नाही. वऱ्हाडाने तो स्वतःला का लावून घ्यावा? कापूस पिकविणाऱ्याच्या मुलीच्या हाती उद्या व्हायोलिन येऊ शकेल की नाही, हा प्रश्न चैनीचा नाही. तिला जन्माने जे मिळाले, त्यापलीकडचे काही निवडता येईल की नाही, असा तो प्रश्न आहे.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे आणि त्याचे उत्तर अधिक सोपे आहे. एवढे वादक आणावयाचे कसे आणि बसवावयाचे कोठे? चायकोव्हस्कीच्या कॉन्चेर्तोला अवाढव्य मेळ लागत नाही. आठ लाकडी सुषिर वाद्ये, चार हॉर्न, दोन ट्रंपेट, एक नगाऱ्यांची जोडी आणि तंतुवाद्ये एवढ्यात, म्हणजे पन्नास-साठ माणसांत तो उत्तम वाजतो. सभागृहाचा प्रश्न खरा आहे. भाषण आणि नाटक यांसाठी सुमारे एक सेकंदाचा प्रतिनाद पुरतो, वाद्यवृंदाला दोन सेकंदांच्या आसपास लागतो. आणि जिल्ह्याच्या ठिकाणची आपली सभागृहे ध्वनिवर्धक गृहीत धरूनच बांधली जातात. तरीही रंगमंचामागे व वर लाकडी परावर्तक फळ्या उभारून पुष्कळ सुधारणा करता येते. अमरावतीचे संत ज्ञानेश्वर सांस्कृतिक भवन किंवा अकोल्याचे प्रमिलाताई ओक सभागृह यांची ध्वनितज्ज्ञांकडून एकदा तपासणी करून घेण्यास फार मोठा खर्च येणार नाही. ऋतू तेवढा पारखून घ्यावा. अकोल्याचा उन्हाळा व्हायोलिनच्या लाकडाला सोसणारा नाही, परंतु डिसेंबर-जानेवारीत ही अडचण उरत नाही.

काय करता येईल

एकच मैफल करून थांबल्यास तिचा तमाशा होईल. म्हणून मागणी नेमकी असावी. राज्याचा सांस्कृतिक कार्य विभाग आणि मुंबईतील संबंधित संस्था यांनी मिळून वर्षातून एकदा, हिवाळ्यात, विभागीय मुख्यालयांच्या गावी एक कॉन्चेर्तो व एक सिंफनी असा कार्यक्रम न्यावा. निम्मी तिकिटे हॅलेच्या धोरणाने, शेतमजुराला परवडतील अशा दराची असावीत. आदल्या दिवशी वादकांनी शाळांत जावे आणि मुलांना वाद्ये हाताळू द्यावीत. मुंबईत १९९५ मध्ये स्थापन झालेले मेहली मेहता म्युझिक फाउंडेशन मुलांना संगीत शिकविते. गोव्यात ‘चाइल्ड्स प्ले’ ही संस्था वंचित घरांतील मुलांच्या हाती व्हायोलिन देते. तसा एक वर्ग १९८३ मध्ये स्थापन झालेल्या आपल्या विद्यापीठाच्या आश्रयाने अमरावतीत सुरू होणे अशक्य नाही. संत गाडगेबाबांचे नाव ज्या विद्यापीठाला आहे, त्याने शहाणपण दारोदार नेण्याचा वसा घेतलेलाच आहे. आणि देवाणघेवाण दुतर्फा असावी. झाकीर हुसेन यांनी तबला व वाद्यवृंद यांच्यासाठी रचलेला ‘पेशकार’ २०१५ मध्ये याच सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाने प्रथम सादर केला. तबल्यासाठी जे घडले, ते खंजिरीसाठी घडू नये असे कोणी ठरविलेले नाही. द्वोर्झाकने अमेरिकेला दिलेला सल्ला वऱ्हाडालाही लागू आहे, परंतु आपल्या लोकगीतांतून सिंफनी घडविणारा माणूस येथे निपजायचा, तर त्याने आधी सिंफनी ऐकलेली असली पाहिजे.

यातील कोणतीही गोष्ट शासनाच्या वा एखाद्या मोठ्या उद्योगसमूहाच्या शक्तीबाहेरची नाही. पुढे कधी प्रादेशिक असमतोलाची नव्याने मोजदाद झालीच, तर तिच्यात हा एक रकाना जरूर आखला जावा: जिल्ह्यातील किती मुलांनी पन्नास वाद्ये एकत्र वाजताना, ध्वनिवर्धक बंद ठेवून, एकदा तरी ऐकली आहेत? आज अमरावती आणि अकोला या दोन्ही जिल्ह्यांच्या नावापुढे त्या रकान्यात फारसे काही लिहिता येणार नाही. पुढील हिवाळ्यात एका सायंकाळी ते लिहिण्यास आरंभ करता येईल.